बांधायला दोन शनिवार, नांदवायला वर्षं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंजवडीत चार वर्षं नोकरी झाली, दिवसभर जावा आणि ब्राउझरमधल्या पानांसाठी जावास्क्रिप्टचं रिॲक्ट लिहिता, आणि संध्याकाळच्या वेळात स्वतःचं काहीतरी छोटं वेबवर उभं करायचं आहे. तीनदा सुरुवात केलीत, तिन्ही अर्धवट राहिलं. चौथ्यांदा बसण्याआधी विचारताय की कल्पना कुठून आणायची, तंत्रज्ञान कुठलं घ्यायचं आणि यातून खरंच पैसे मिळतात का. ओघात हेही लिहिलंत की तिसरा प्रकल्प सोसायटीच्या हिशोबाचा होता, कारण वडील नाशिकला त्यांच्या सोसायटीचे खजिनदार आहेत आणि अजून पावत्या हातानंच लिहितात.

तिन्ही प्रकल्पांबद्दल लिहिताना तुम्ही ते कशात लिहिले हे सविस्तर सांगितलंत. कुणी वापरले हे एकदाही सांगितलं नाहीत. माझं बहुतेक उत्तर याच एका जागेभोवती फिरणार आहे.

मी हा उद्योग पंधराएक वर्षं करतोय, नोकरी सांभाळून. आजवर एकोणीस गोष्टी सुरू केल्या, त्यातल्या तीन आज चालू आहेत. एकीतून पैसे मिळतात, एकीतून आशीर्वाद मिळतात, तिसरी मी एकटाच वापरतो. बाकीच्या सोळांपैकी निम्म्या तरी बांधून पूर्ण झाल्या होत्या. मेल्या त्या नंतर, कारण त्या चालू ठेवायला लागणारा वेळ माझ्याकडे नव्हता. बांधताना अंगात वारं असतं, रात्रीचा एक वाजला तरी कळत नाही. आठ महिन्यांनी मंगळवारी रात्री जेवताना फोन येतो की पान उघडत नाही, तेव्हा ते वारं नसतं. म्हणून आता मी नव्या कल्पनेला एकच प्रश्न विचारतो: आठवड्याला एका तासात ही गोष्ट पाच वर्षं नांदवता येईल का? तंत्रज्ञान, लॉगिन, पैसे घेण्याची पद्धत, गिऱ्हाईक कोण, सगळं त्यावरून ठरतं.

पैसे मिळतात ती गोष्ट म्हणजे मेसचे खाडे (न जेवलेले दिवस) मोजणारं एक पान. पुण्यात शिकून गेलेल्या कुणालाही खाडा समजावून सांगायला नको. पैसे आगाऊ भरायचे, गावी जाणार असाल तर आदल्या दिवशी सांगायचं, सलग तीन दिवस नसलात तरच खाडा धरला जातो, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. नियम सोपे वाटतात, आणि त्यांच्यावरून दर महिन्याला भांडणं होतात. २०१९ च्या पावसाळ्यात बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून मी बऱ्याच वर्षांनी कर्वेनगरात पुन्हा मेस लावली. तिथल्या मावशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून खाडे लिहायच्या. साठेक मुलं, एक कॅलेंडर. एका चौकोनात नऊ नावं कोंबलेली मी पाहिली आणि नेहमीप्रमाणे मनात आलं, हे तर दोन शनिवारांचं काम आहे.

दोन शनिवारांतच बांधलं. आणि पूर्ण चुकीचं बांधलं. माझ्या तक्त्यात महिना, रक्कम आणि वजावट असे रकाने होते. खाडे झाले की पुढच्या महिन्याच्या पैशांतून तेवढे वजा. मावशींनी दोन मिनिटं फोन हातात धरला आणि म्हणाल्या, "दादा, पैसे कोण परत देतंय? तारीख पुढं जाते." म्हणजे भरलेले पैसे म्हणजे साठ जेवणं, खाडा झाला की ती संपायची तारीख पुढं सरकते. शिवाय महिना एक तारखेला सुरू होतच नाही, मुलगा ज्या दिवशी आला त्या दिवशी सुरू होतो. मी तीन महिने तिथं जेवत होतो आणि मला हे माहीत नव्हतं, कारण मी एकदाही गावी गेलो नव्हतो.

दुसऱ्या खेपेला मी "उरलेली जेवणं" असा एकच आकडा साठवला. तोही दोन आठवडे टिकला. एक मुलगा म्हणाला, माझे सात खाडे होते, चारच धरलेत. आकडा म्हणत होता एकतीस. एकतीस कसे आले, याला माझ्या पानाकडं उत्तर नव्हतं. कॅलेंडरकडं निदान गोल तरी होते! तेव्हापासून आकडा साठवणं बंद केलं. फक्त घटना साठवतो: अमुक तारखेला भरणा, अमुक ते अमुक खाडा आणि तो केव्हा सांगितला, अमुक दिवशी मेस बंद. उरलेली जेवणं दर वेळी त्यावरून नव्यानं मोजली जातात. साठ मुलांच्या वर्षभराच्या नोंदी म्हणजे हजार-दोन हजार ओळी, संगणकाला त्याचं काहीच वाटत नाही. भांडण झालं की मावशी त्या मुलाच्या नावावर बोट ठेवतात आणि सगळी यादी त्याच्यासमोर धरतात. माझ्या मते लोक पैसे देतात ते या यादीचे. हिशोब त्यांना तोंडीही येतो.

मग फोनवरचा पडदा. मी छान आलेख वगैरे काढले होते, या महिन्यात किती जेवले, कुठल्या वारी गर्दी. दुपारी साडेबारा ते दीड या वेळात काउंटरवर उभं राहून पाहिल्यावर ते सगळं त्याच रात्री पुसलं. हात ओले, बोटाला पीठ, रांगेत पंधरा मुलं. मावशींना एकच गोष्ट हवी होती: समोर उभा आहे त्याचे पैसे संपलेत का. म्हणून आता उघडल्या उघडल्या मोठ्या अक्षरांत फक्त संपलेल्यांची आणि दोन दिवसांत संपणाऱ्यांची नावं दिसतात. बटणं अंगठ्याएवढी आहेत, कारण ओल्या बोटाचा स्पर्श फोन नीट ओळखत नाही आणि लहान बटण तीनदा दाबावं लागतं. ओंकार नावाची चार मुलं होती. आडनावं मावशींना ठाऊक नव्हती आणि नको होती. त्यांच्या लेखी ती ओंकार लातूर, ओंकार चष्मा, ओंकार वरचा मजला अशी होती. नावाच्या चौकटीत काहीही लिहू द्या, हा धडा मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळाला नव्हता.

नावांवरून आठवलं, मराठीत काही करणार असाल तर हे आधीच ऐकून ठेवा. "बऱ्हाटे" हे आडनाव तीन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतं आणि तिन्ही पडद्यावर अगदी सारखी दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत, ऱ हे एक स्वतंत्र अक्षर आहे. तेच साध्या र ला खाली नुक्ता (टिंब) जोडूनही होतं. आणि काही कळफलक र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून तोच अर्धा र काढतात. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या ठरलेल्या सामान्यीकरणानं एक होतात. तिसरा होत नाही, ते न दिसणारं चिन्ह तुम्हालाच शोधून काढावं लागतं. मी नावाचा मूळ मजकूर आहे तसा ठेवतो आणि शेजारी शोधण्यासाठी एक वेगळा, साफ केलेला रकाना ठेवतो. तरीही निम्म्या मेसवाल्यांनी नावं इंग्रजी अक्षरांत लिहिली, त्यामुळं शेवटी सगळ्यात जास्त वापरला जाणारा शोध म्हणजे मोबाइलचे शेवटचे चार आकडे. अजून एक: बटणातल्या ओळीची उंची इंग्रजीच्या हिशेबानं ठेवलीत तर वेलांटी आणि रफार वरून कापले जातात. मी मुंबईच्या एक टाइपचा मुक्त हा फॉन्ट वापरतो. तो मोफत आहे, मुक्त परवान्याचा आहे आणि स्वस्त फोनवरही वाचता येतो. पानांचे पत्ते मात्र देवनागरीत ठेवू नका. देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरांचं होतं; "खाडे" एवढा शब्द व्हॉट्सॲपवर चिकटवला की छत्तीस अक्षरांचा टक्केचिन्हांनी भरलेला कचरा दिसतो, आणि लोकांना वाटतं काहीतरी व्हायरस पाठवलाय.

२०२० चा मार्च आला. टाळेबंदी लागली, मुलं मिळेल त्या गाडीनं गावी गेली, आणि माझा प्रोग्रॅम रोज इमानेइतबारे सगळ्यांची दोन-दोन जेवणं कमी करत राहिला. तेव्हा चार मेस वापरत होत्या. "मेस बंद" हे मी फक्त रविवार संध्याकाळ आणि सणासुदीपुरतं केलेलं होतं, एकेक दिवस निवडायचं. त्या रात्री बसून तारखेपासून तारखेपर्यंत बंद असा पर्याय केला आणि आधीच्या तारखांनाही तो लागू होईल असं पाहिलं. घटना साठवत होतो म्हणून हे एका तासात झालं. आकडाच साठवला असता तर अडीचशे मुलांचे आकडे हातानं दुरुस्त करत बसलो असतो. पुढं दीड वर्ष कुणी ते पान उघडलंही नाही. सर्व्हरचे महिन्याचे पाचेकशे रुपये मी भरत राहिलो. मुलं परत आली तेव्हा ज्याची त्याची उरलेली जेवणं तिथंच होती, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या पानाची खरी जाहिरात हीच झाली.

आता तंत्रज्ञान. तुम्हाला जावा येते, तर जावाच घ्या. सर्व्हरवर साधं एचटीएमएल तयार करा, फॉर्म भरला की पान पुन्हा येऊ द्या. रिॲक्ट तुम्हाला येतं हे मान्य, पण इथं नको, आणि त्याचं कारण वेगाचं वगैरे नाही. प्रश्न असा आहे की चौदा महिने हात न लावता तुम्ही परत याल तेव्हा काय होईल. जावास्क्रिप्टच्या बांधणीची अवजारं एवढ्या काळात दोन पिढ्या पुढं गेलेली असतात. एक ओळ बदलायची तर आधी अख्खी संध्याकाळ जुनी पॅकेजेस पुन्हा बसवण्यात जाते, आणि मग माणूस ती ओळ बदलतच नाही. डच प्रोग्रॅमर पीटर लेव्हल्स यांनी २०१४ मध्ये बारा महिन्यांत बारा प्रकल्प करायचं ठरवलं आणि त्यांतून फिरत फिरत काम करणाऱ्यांसाठी शहरांची यादी देणारं नोमॅड लिस्ट नावारूपाला आलं. तो बारा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. ते सगळं साध्या पीएचपीत आणि जेक्वेरीत, म्हणजे जुन्याच अवजारांत, लिहिलेलं असतं, हे मात्र फार कुणी सांगत नाही.

डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली आणलं. एक फाइल म्हणजे अख्खा डेटाबेस, वेगळा सर्व्हर चालवायला नको. दिवसाला एक लाखापेक्षा कमी भेटी असलेल्या संकेतस्थळाला ते सहसा पुरतं असं ते बनवणारेच सांगतात. तुमच्याकडं लाख भेटी आल्या तर मला पेढे द्या आणि मग पुढचं बोलू. डॉकर, कुबरनेटिस असली मोठ्या पसाऱ्याची अवजारं, तीन-तीन वेगळे सर्व्हर, हे कचेरीत पगार घेऊन करायचं काम आहे.

बॅकअपबद्दल मात्र थांबून बोलतो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथं आहे. रोज रात्री फाइलची प्रत काढून दुसरीकडं पाठवायची, अशी सोय मी पहिल्या आठवड्यातच केली होती आणि स्वतःवर खूश होतो. एकदा सहज पाहिलं तर मागच्या तीन आठवड्यांच्या सगळ्या प्रती शून्य बाइटच्या. सर्व्हरची डिस्क नोंदींच्या फायलींनी भरून गेली होती. प्रत काढायला जागाच नव्हती, आणि प्रत पाठवणारी माझी स्क्रिप्ट ती निघाली की नाही हे न पाहता रिकामी फाइल पाठवत होती. नशिबानं मूळ फाइल शाबूत होती. आणखी एक खाचखळगा: प्रोग्रॅम लिहीत असताना एसक्यूलाइटची फाइल नुसती कॉपी केली तर अर्धवट प्रत मिळू शकते, त्याची स्वतःची बॅकअपची आज्ञा आहे, ती वापरा. आणि महिन्याच्या एक तारखेला ती प्रत लॅपटॉपवर उघडून शेवटची नोंद कालचीच आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. त्या एका तासातली दहा मिनिटं माझी यातच जातात. पान सुरक्षित आहे हे ब्राउझरला पटवणारं लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र नव्वद दिवसांचं असतं, ते आपोआप नव्यानं घेतलं जातं का, तेही तेव्हाच पाहतो.

लॉगिन म्हणजे ओटीपी असं आपल्याकडं समीकरण झालंय. ते टाळा. भारतात व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी यंत्रणेत आधी स्वतःची, मग पाठवणाऱ्या नावाची, मग मजकुराच्या साच्याची नोंदणी करावी लागते. त्यात एसएमएस मराठीत असेल तर १६० ऐवजी ७० अक्षरांतच पहिला संदेश संपतो आणि पुढं दुसऱ्याचे पैसे. मी मेसवाल्यांना एक लांबलचक खासगी लिंक देतो आणि चार आकडी पिन. बँकेसाठी हे चालणार नाही, खाड्यांसाठी चालतं. मुलांना "जेवणं संपत आली" हे कळवायचं असतं त्यासाठी व्हॉट्सॲपची साधी लिंक आहे: मावशींनी नावासमोरचं चिन्ह दाबलं की त्यांच्याच फोनवर त्या मुलाची खिडकी उघडते, मजकूर आधीच लिहिलेला असतो, पाठवायचं बटण त्या स्वतः दाबतात. मला एक रुपया खर्च नाही, नोंदणी नाही. आणि संदेश मावशींच्या नंबरवरून जातो म्हणून मुलं तो वाचतात. अनोळखी नावानं आलेला कोण वाचतो?

पैसे. आज अकरा मेस आहेत, वर्षाला दोन हजार रुपये प्रत्येकी. वजा सर्व्हर, वजा डोमेन. म्हणजे वर्षाकाठी पंधरा-सोळा हजार सुटतात. हिंजवडीच्या पगारापुढं ही रक्कम सांगायलाही लाजल्यासारखं होतं, पण तुम्ही विचारलंत म्हणून खरा आकडा देतोय. पैसे घ्यायला पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) लावलेलं नाही. यूपीआयचा क्यूआर पाठवतो, पैसे आले की मी हातानं एक खूण करतो. वर्षाला अकरा खुणा. महिन्याची वर्गणी ठेवली असती तर एकशे बत्तीस खुणा आणि तितकीच आठवणीची गाऱ्हाणी. कार्डावरून आपोआप वसुली करायची म्हटलं तर १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मॅन्डेटचे नियम आहेत, ग्राहकानं आधी मंजुरी द्यायची, वसुलीच्या आधी त्याला कळवायचं. परदेशी माणसांनी लिहिलेले वर्गणीचे सल्ले इथं जसेच्या तसे लागू होत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. गिऱ्हाइकं शंभराच्या वर गेली की गेटवे घ्या. तोवर वार्षिक घ्या आणि आगाऊ घ्या. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे लागत नाही, त्यामुळं त्याची धास्ती नको, पण आलेला प्रत्येक रुपया प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवा.

मुलांचे मोबाइल नंबर माझ्याकडं आहेत ही गोष्ट मला अस्वस्थ करते, म्हणून मेस सोडून सहा महिने झाले की नंबर पुसला जातो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला त्याच्या आधीपासून हे करतोय. कारण कायद्यापेक्षा साधं आहे, जे आपल्याकडं नाही ते चोरीला जात नाही.

बसण्याआधी एक काम मात्र आजच करा. नेमणुकीच्या वेळी सही केलेला करार काढून वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. शनिवारी घरी लिहिलेलं खाड्यांचं पान त्यात बसत नाही, पण काही करारांत "नोकरीच्या काळात केलेलं सर्व काही" अशी ओळ असते. माझ्या एका जुन्या कंपनीच्या करारात होती. मी मनुष्यबळ विभागाला दोन ओळींचा ईमेल लिहून परवानगी मागितली, तीन आठवड्यांनी "हरकत नाही" एवढंच उत्तर आलं, ते छापून ठेवलंय. आणि कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचं वायफाय, कंपनीचं कोड ठेवायचं गिटचं खातं, कशालाही हात लावू नका. दहा मिनिटांच्या दुरुस्तीलासुद्धा.

गिऱ्हाइकं कशी आली, हेही सांगतो. मी समाजमाध्यमावर दोन हजार रुपयांची जाहिरात केली होती. भरपूर लोकांनी दाबली. सगळे मेस शोधणारे विद्यार्थी निघाले, एकही मेसवाला नाही. दुसरी मेस आली ती मावशींच्या जावेची. तिसरी आणि चौथी ज्या किराणावाल्याकडून त्या दोघी तांदूळ घेतात त्याच्यामार्फत. त्यानं पान पाहिलंही नव्हतं. "कर्वेनगरवाल्या बाईंनी कॅलेंडर काढून टाकलंय" एवढंच तो सांगत फिरला. छोट्या धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखत असतात, म्हणून पहिलं गिऱ्हाईक मिळवायला सहा महिने लागले तरी चालतील. ते सोडून पन्नास अनोळखी लोकांच्या मागं लागू नका.

आशीर्वाद मिळतात त्या गोष्टीबद्दलही सांगायला हवं, कारण नांदवण्याच्या दृष्टीनं ती सगळ्यात यशस्वी आहे. मिरजेत मामाचा छापखाना होता, लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल. पंचवीस वर्षांचा मजकूर संगणकावर छपाईची पानं लावायच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये अडकलेला. नवीन संगणकावर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो युनिकोडमध्ये आणणारं पान मी केलं. वाटलं होतं, एका चिन्हाऐवजी दुसरं ठेवायचं, झालं. गंमत अशी की जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमानं टंकलेली असतात, आणि युनिकोडमध्ये जशी उच्चारली जातात त्या क्रमानं. "किती" मधली पहिली वेलांटी जुन्या मजकुरात क च्या आधी येते, ती उचलून क च्या नंतर न्यायची. "स्थिती" असेल तर अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडं न्यायची. रफाराचं बरोबर उलट: "सूर्य" मध्ये तो य नंतर टंकलेला असतो, त्याला य च्या आधी आणायचं. आणि "कीर्ती" सारख्या शब्दात रफार व काना-वेलांटी कुठल्या क्रमानं आलेत हे टंकणाऱ्याच्या सवयीवर. मामाकडचे दोन कामगार दोन वेगवेगळ्या क्रमानं टंकायचे, हे मला फायलींवरून कळलं. कोणती पत्रिका कुणी लावली तेही ओळखता यायला लागलं होतं.

या पानाला सर्व्हरच नाही. सगळं काम वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये होतं, मजकूर माझ्याकडं येतच नाही. साध्या जावास्क्रिप्टची एक फाइल, फुकटच्या जागी ठेवलेली. २०१४ पासून तिथं आहे आणि गेल्या चार वर्षांत मी तिला हात लावलेला नाही. पैसे शून्य. पण दर दिवाळीच्या आधी दिवाळी अंकवाल्यांचे, एखाद्या ग्रामीण शाळेच्या शिक्षकांचे, कुणाच्या तरी आजोबांच्या कविता वाचवल्याचे ईमेल येतात. तुमची कल्पना अशा साच्यात बसत असेल, की काहीतरी आत टाकायचं, काहीतरी बाहेर यायचं, साठवायचं काहीच नाही, तर डोळे मिटून ती आधी करा.

उलट टोकाला माझं एसटीच्या वेळापत्रकाचं पान. दोन जिल्ह्यांतल्या स्थानकांवर जाऊन फलकांचे फोटो काढले, सगळं टंकून काढलं, लोकांना फार आवडलं. तीन महिन्यांनी वेळा बदलल्या. एक माणूस पहाटे माझ्या पानावर विसंबून स्टँडवर जाऊन बसला आणि गाडी नव्हतीच. त्याचा ईमेल सभ्य होता, म्हणून जास्त लागला. दुसऱ्याच्या हातात असलेली माहिती ताजी ठेवायचं काम आठवड्याला एका तासात होत नाही. ते पान मी त्याच आठवड्यात बंद केलं.

आता तुमच्या तिसऱ्या प्रकल्पाकडं येतो, कारण मला तो सोडून द्यावासा वाटत नाही. सोसायटीच्या हिशोबाची सॉफ्टवेअरं बाजारात ढिगानं आहेत. तुम्ही सभासद, अध्यक्ष, सचिव अशा वेगवेगळ्या भूमिका, प्रत्येकाचं लॉगिन, तक्रारपेटी, पाहुण्यांची नोंद इतकं सगळं मांडलंत आणि भूमिकांपाशीच दमलात. वडिलांना यातलं काय हवं होतं? एकट्या पावतीत किती गोष्टी असतात पाहा: सेवा शुल्क, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी), फ्लॅट भाड्यानं दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क आणि तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, थकबाकीवर सरळव्याज आणि आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, त्याची कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के. कुणी मध्येच अर्धे पैसे भरले की व्याज कशावर मोजायचं, यावरून सभेत काय होत असेल याची मी कल्पना करू शकतो. तिथंही आकडा साठवू नका, घटना साठवा.

पण हा सगळा माझा घरबसल्या बांधलेला अंदाज. तुम्ही पुढच्या महिन्यात वडील पावत्या लिहायला बसतात त्या दिवशी नाशिकला जा. लॅपटॉप नेऊ नका, नाहीतर तुम्ही त्यांच्याकडं न बघता पडद्याकडं बघाल. शेजारी बसा, शिक्का मारायचं काम मागून घ्या. ते कुठं थांबतात, कुठं मागचं पान उलटतात, कुणाच्या नावापाशी उसासा टाकतात, ते बघा. वहीचं कुठलं पान कोपऱ्याशी सगळ्यात जास्त मळलंय, ते बघा. थकबाकीचं असेल असा माझा अंदाज आहे. मात्र मावशींच्या बाबतीत माझे पहिले तिन्ही अंदाज चुकले होते.